अनारसे हसले

हॅनोवरजवळ, जर्मनी
८ जानेवारी २०२६

आज्जी,

सुखरूप पोचले. थंडी एवढी की ओला टॉवेल बाहेर टाकला तर पापडासारखा कडक होतो. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि माझं बोलणं पप्पा तुझ्या कानात ओरडून सांगतात, मग सगळ्या गल्लीला कळतं. म्हणून ठरल्याप्रमाणे पत्र. हे आपल्या दोघींचं.

आल्या आल्या एक गंमत झाली. आमच्या वृद्धाश्रमात नर्स सगळ्या देशांच्या. लुसिया म्हणून एक मेक्सिकोची आहे. तिनं सहा तारखेला तिच्याकडचा सणाचा केक केला. बांगडीसारखा गोल, मधे मोकळा, वर साखरेत मुरवलेली फळं. येशू तान्हा असताना तीन राजे त्याला भेटायला आले, त्या दिवसाचा. त्या केकात एक एवढंसं बाळ लपवतात. ज्याच्या तुकड्यात निघेल त्यानं दोन फेब्रुवारीला सगळ्यांना जेवण द्यायचं. आज्जी, एवढ्या सगळ्यांत बाळ माझ्या वाट्याला आलं! मी केवढी दचकले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पप्पांना यातलं काही सांगू नकोस. म्हणतील, नोकरीला गेली का केक खायला.

तुझी
मंजुश्री


अहमदपूर
२ फेब्रुवारी

मंजुबाई, माझे लेकी,

महादेव तुला सुखात ठेवो, अन् आता तुझ्याबरोबरच्या जिवाला बी.

मी दुसरीत शाळा सोडलेली बाई. एक पान वाचायचं म्हणलं तर चहा गार होतो. तरी तुझं पत्र म्या तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं केकाचं लिवलंय. दुसऱ्यांदा वाटलं, एवढं तिकीट लावून ही पोरगी केकाचं कामून लिवंल? तिसऱ्यांदा डोस्क्यात उजेड पडला. बाळ माझ्या वाट्याला आलं. दचकले. पप्पांना सांगू नकोस. अगं बाई! सरळ लिवायचं की! पोस्टातला रेवणप्पा पाकीट उघडून वाचंल म्हणून तू केकात घालून लिवलंस, हाव ना? लई हुशार माझी लेक. पर तुझ्या आज्जीला बी कमी समजू नको.

तवाच्या तवा उठून महादेवाला नारळ फोडला. शेजारची शरणम्मा देवळातच बसलेली. तिला दुसरं कामच न्हाई. म्हणली, "शिवम्मा, आज नारळ कशाचा?" म्या म्हणलं, "गुडघा उतरला." ती म्हणली, "एका गुडघ्याला एवढा मोठा नारळ?" म्या म्हणलं, "मला दोन गुडघे हायेत."

आता नीट ऐक. म्हातारी माणसं उचलायचं काम तुझं असलं तर सायबाला सांग की कंबर धरलीय. पपई खाऊ नको. तिकडं मिळत नसंल, तरी खाऊ नको. येत्या होळीच्या पुनवेला गिराण हाय. तिकडं दिसतं का? दिसू दे न्हाईतर न दिसू दे, तू त्या दिशी चाकू हातात धरू नको.

मागलं मनात आणू नको. मी बी आणत न्हाई. कधी मधी येतं, मग मी उठून भांडी घासते.

कोणाला सांगत न्हाई. तोंडाला कुलूप.

आज्जी


हॅनोवरजवळ
२७ फेब्रुवारी

आज्जी,

तुझं पत्र वाचलं. अगं, ते केकातलं बाळ खरोखरचं खेळण्यातलं होतं. करंगळीएवढं, प्लास्टिकचं. मी तुला फक्त गंमत लिहिली होती.

पण तुझं पत्र आलं त्याच्या आदल्याच आठवड्यात मला कळलं. आज्जी, खरंच आहे. तू चुकीचं वाचलंस आणि बरोबर निघालं. मला आधी हसू आलं, मग नुसतं रडूच आलं.

तुझ्या जावयाला, मल्लिनाथला सांगितलंय. बाकी कुणाला नाही. आईला तर मुळीच सांगू नकोस. मागच्या वेळी तिनं पाचव्या महिन्यात सगळ्या गल्लीला जेवण घातलं, हिरव्या बांगड्या भरल्या, फोटो काढले. आणि आठ दिवसांनी नांदेडच्या दवाखान्यातून मी तशीच परत आले. त्या बांगड्या उतरवताना आई माझ्याकडे बघत नव्हती. पाचवा सरू दे, मग मीच सांगेन. मला फार भीती वाटते गं. आनंद व्हायला लागला की लगेच भीती वाटते.

काल आमच्याकडच्या एक आजी गेल्या. इथं मयतानंतर सगळे जमतात आणि लोणी-साखरेचा केक खातात. तोच केक लग्नातही असतो. त्याला सुख-दुःखाचा केक म्हणतात. मीही एक तुकडा खाल्ला. चांगला होता.

मंजुश्री


अहमदपूर
२४ मार्च

मंजे,

मयताचा केक कामून खाल्लास? पोटुशी बाई मयताच्या घरचं पाणी बी पीत न्हाई, अन् तू केक खाऊन आलीस, वरून लिवतीस चांगला होता! लग्नाचा अन् मयताचा एकच म्हणजे कसं गं? त्या केकाला तरी कसं कळावं आपण कोणाच्या घरी आलोत? आपल्याकडं लग्नाचं ते लग्नाचं. बुंदी तेराव्याला कोणी वाढलेली बघितलीस का? हां, गल्लीतल्या शिवलिंगच्या मामानं वाढली होती. पर तो माणूस तसाच होता, त्याचं सोड.

ते वाचल्यापास्नं मला चैन न्हाई. सोमवार धरलाय. जंगमस्वामी आले तवा आडून विचारलं, "स्वामी, चुकून कोणी सुतकाचं खाल्लं तर?" ते म्हणले, "कोण खाल्लं?" म्या म्हणलं, "शेजारच्या शरणम्मानं." तर ते उठून शरणम्माकडंच गेले की विभूती लावायला! ती अजून माझ्याशी बोलत न्हाई.

गप बसणं लई अवघड हाय बाई. खुशी अशी उसळती की डाळीला फोडणी देताना बी तोंडातून निघंल वाटतं. आमची सूनबाई रेणुका, तुझी माय, परवा म्हणली, "मामी, तुमी एकट्याच कामून हसायलाव?" म्या म्हणलं, दात हलायलाय. अन् रात झाली की तीच खुशी उलटी फिरती. मग मनातल्या मनात दिवस मोजत बसते.

आता तिकडं कोणी केक दिला तर आधी विचारायचं, कशाचा हाय.

आज्जी


हॅनोवरजवळ
७ एप्रिल

आज्जी,

हे नुसतं कार्ड. परवा इथला ईस्टरचा सण झाला. त्याचा केक बसलेल्या मेंढराच्या आकाराचा असतो, वर पिठीसाखरेची लोकर. मी आधी विचारलं हं, कशाचा आहे. सगळे म्हणाले, तू काप. माझ्यानं कापवेना. त्याचं तोंड अगदी जिवंत होतं. शेवटी लुसियानं कापला आणि मी डोळे मिटले. इथं सगळ्या देशांचे केक असतात, आपला कोणता म्हणून सांगू? तब्येत चांगली आहे. काळजी करू नकोस.

मंजुश्री


अहमदपूर
२६ मे

मंजुबाई,

मेंढरू कापलं न्हाईस, लई चांगलं केलंस. साखरेचं असलं म्हणून काय झालं. आपण लिंगायत माणसं, मेंढराच्या मानेला सुरी लावायची म्हणजे! खाल्लं बी नसशील. खाल्लं असलं तर सांगू नको.

तुझं कार्ड येऊन लई दिस झाले, पुढचं पत्र न्हाई. फोनवर तुझं तोंड सुजल्यागत दिसलं. रेणुका म्हणली, थंडीनं. आता मे महिन्यात कुठली थंडी?

इकडं धोंड्याचा महिना लागलाय. तीन वर्सांनी येतो. तू माहेरी असतीस तर बघितलं असतंस. जावयाला अनारशाचं वाण देतेत, वर तुपाचा दिवा लावून. तू लिवलं होतंस ना, सगळ्या देशांचे केक असतेत, आपला कोणता म्हणून सांगू? हा सांग. तांदूळ तीन दिस भिजू घालायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत फडक्यावर वाळवायचे, दमट असतानाच कुटायचे, गूळ घालून गोळे मुरत ठेवायचे. मग खसखशीवर थापून तुपात सोडायचा. उलटायचा न्हाई. नुसतं झाऱ्यानं वरून तूप उडवायचं. जाळी पडती सुंदर.

मल्लिनाथ लातूरहून वाणाला आला. तुझं इसापत्र आलं की तिकडं येणार म्हणला. दाळमिलमधून रजा काढून आलेला. वाळलाय. म्या जोरात कढई ठेवली.

काय सांगू मंजे, पहिलाच अनारसा हसला. दुसरा सोडला, तो बी हसला. तिसऱ्याला महादेवाचं नाव घेतलं, तरी हसला. म्या कढई खाली उतरून ठेवली अन् भिंतीला टेकून बसले. शेवटी रेणुकानं बत्तासे आणून वाण दिलं.

कोणाला काही बोलले न्हाई. तुला म्हणून लिवलं. हात चालंना झालाय. तू जपून ऱ्हा बाई, लई जपून.

आज्जी


हॅनोवर, दवाखाना
१८ जून

माझी आज्जी,

वरचा पत्ता वाचून घाबरू नकोस. मी दोन तारखेपासून इथं आहे. पोटात दुखायला लागलं, थोडं रक्त गेलं. डॉक्टरीण म्हणाली, पिशवीचं तोंड वेळेआधी उघडायला लागलंय, आता फक्त पडून राहायचं. जितके दिवस बाळ आत राहील तितकं चांगलं. मल्लिनाथला माहीत आहे. आई-पप्पांना नाही. फोनवर मी मागची भिंत दिसू देत नाही.

आज्जी, पहिले पंधरा दिवस काय काढले ते माझं मला माहीत. कूस बदलायची भीती. खोकायची भीती. बाळ हललं तर भीती, नाही हललं तर जास्त भीती. झोप नाही. डोळे मिटले की नांदेडचा तो पंखा दिसायचा.

काल लुसियानं तुझं पत्र आणून दिलं. आणि आज्जी, अनारसा हसला! मी हॉस्टेलात वाढलेली, चुलीपाशी कधी बसलेच नाही. मला माहीतच नव्हतं की आपला अनारसा हसतो. एक नाही, तीन! आणि तू कढई उतरवून भिंतीला टेकून हसत बसलेली मला दिसलीस, हात चालेना इतकी. मी मोठ्यानं हसले. नर्स धावत आली. तिला सांगितलं, लुसियाला सांगितलं. ती म्हणते, आमच्या केकात बाळ निघतं, कुणाच्या केकात नाणं निघतं, पण हसणारा केक जगात कुठं ऐकला नाही. आता शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा सकाळी मला विचारते, आज केक हसला का?

एकामागून एक तीन हसले म्हणजे चांगलंच होणार, हो ना? पत्र उशाखाली ठेवलंय. रात्री पहिल्यांदा सलग झोपले.

पुन्हा करशील ना अनारसे? आणि कळव, हसले का. नक्की कळव. मी वाट बघते.

मंजुश्री


अहमदपूर
६ जुलै

जावईबापू मल्लिनाथ,

शरणु शरणार्थी. हे पत्र तुमच्या एकट्यासाठी हाय. लातूरच्या खोलीत दुसरं कोणी असलं तर भाईर जाऊन वाचा.

तुमाला सगळं मालूम होतं अन् मला कळवलं न्हाई. बरं केलं. कळवलं असतं तर म्या पायी निघाले असते. ते राहू द्या. मंजीचं पत्र आलं. दवाखान्याचं वाचून महादेवापुढं दिवा लावला, अन् पुढचं तीनदा वाचलं.

जावईबापू, तुमी गडीमाणूस, तुमाला बी म्हाईत नसंल. अनारसा हसला म्हणजे तुपात विरघळला. टाकल्या टाकल्या पसरतो, तुकडे तुकडे होतेत, झाऱ्यावर भुगा येतो. त्याला बायका हसला म्हणतेत. फुटला म्हणायचं न्हाई, वाण असतं ना, म्हणून हसला म्हणायचं. तीन वर्सांमागं धोंड्याचाच महिना होता. त्या वक्ताला बी वाणाचे अनारसे हसले, अन् त्याच आठवड्यात मंजी नांदेडच्या दवाखान्यात. औंदा पुन्हा हसले तवा माझं काळीज कसं झालं असंल बघा. ते म्या तिला लिवलं, तर पोरीनं काय वाचलं! उशाखाली घेऊन झोपती म्हणं. सगळ्या दवाखान्याला सांगितलंय.

आता पुढं ऐका. पत्र वाचून म्या तशीच उठले. पीठ उरलेलं होतं, त्यात कोरडं तांदळाचं पीठ मिसळून पुन्हा कढई ठेवली. एक बी हसला न्हाई. अशी जाळी पडली, अशी जाळी, की रेणुका म्हणली, "मामी, दुकानात ठेवण्यासारखे झालेत." म्या खुशीनं रडले. अन् मग ध्यानात आलं. आता हिला काय लिवू? एक बी हसला न्हाई म्हणून लिवलं तर तिकडं पोरगी भीतीनं अर्धी व्हईल. अन् सगळे हसले म्हणून लिवायचं, तर तसलं अपशकुनी आपल्या हातानं, पडलेल्या पोरीला? सकाळपास्नं तीन कागद फाडले.

पर लिवणार हाय. तिची झोप गेली न्हाई पाहिजे.

तुमी तिथं गेलात की तिला याचा अर्थ सांगायचा न्हाई. तुमाला माझी आण. रेणुकाला म्या इकडं समदं सांगितलं, दवाखान्याचं बी. लई रडली. फोनवर अनारशाचं नाव काढणार न्हाई म्हणली. इसा लवकर येवो.

शिवम्मा


अहमदपूर
६ जुलै

मंजुबाई,

पत्र पोचलं. पडून ऱ्हा. उठू नको. मुतायला बी लाजू नको, भांडं माग.

तू म्हणलीस म्हणून पुन्हा अनारसे केले. हसले बाई. पहिल्यापास्नं शेवटपर्यंत सगळे हसले. एक बी राहिला न्हाई. तुझी माय बी बघत होती, तिला विचार. न्हाई, तिला विचारू नको, तिला कामं हायेत. म्या सांगितलं ते पुरे.

इथं मधी शाई फुटलीय, ती माझ्या हाताला घाम आल्यामुळं. इकडं लई उकाडा हाय.

पोराला सांग, आज्जी म्हणली, घाई करू नको.

आज्जी


हॅनोवर
२ ऑगस्ट

आज्जी, शरणु.

फोनवर घरी कळलंच असेल, पण मी निघताना तुम्ही म्हणालात की मला कागदावर पाहिजे, म्हणून लिहितोय. व्हिसा आला आणि मी पोचलो त्याच्या पाचव्या दिवशी, २८ जुलैला मंजूला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. दीड महिन्यापेक्षा जास्त आधी आली, म्हणून काचेच्या पेटीत ठेवलीय. अंगठ्याएवढा पंजा आहे. श्वास स्वतःचा घेते. डॉक्टर म्हणतात, भीती संपली असं आम्ही अजून म्हणत नाही, पण मुलगी चिवट आहे.

मंजूला आत नेलं तेव्हा तुमचं अनारशाचं दुसरं पत्र तिच्या मुठीत होतं. मी शब्द पाळलाय. एकदा तिनं विचारलं, अनारसा हसतो म्हणजे नक्की दिसतो कसा? मी म्हणालो, फुलतो. दुसरं काही सुचलं नाही.

मल्लिनाथ


हॅनोवरजवळ
३ नोव्हेंबर

आज्जी,

किती दिवसांनी लिहितेय! हात रिकामा नसतो. पोरीला घरी आणून आता दोन महिने होतील. वजन धरलंय, गालाला खळी पडायला लागलीय. रात्री रडते, दिवसा झोपते, तुझ्यासारखी बोलल्याशिवाय राहत नाही, नुसतं ऊं ऊं चाललेलं असतं. डॉक्टरीण म्हणाली, आता दर आठवड्याला आणायची गरज नाही. ते ऐकून मल्लिनाथ दवाखान्याच्या पायरीवरच बसला.

आणि आज सकाळची बातमी. दूध पाजून तिला मांडीवर घेतलं, तिनं माझ्या तोंडाकडे टक लावून बघितलं आणि हसली. पहिल्यांदा. आज्जी, अगदी तुझ्या अनारशासारखी हसली!

तुझी
मंजुश्री


अहमदपूर
२० नोव्हेंबर

जावईबापू,

हे पत्र मंजीच्या हाताला लागू देऊ नका. पाकिटावर तुमचंच नाव घालाया लावलंय.

आज तिचं पत्र आलं. वरचं वाचून लई खुश झाले. खळी पडती, ऊं ऊं करती, माझ्यासारखी बोलती. शरणम्माला हाक मारून वाचून दाखवलं. ती आता बोलती माझ्याशी. अन् शेवटची ओळ आली, अन् म्या कागद मिटला. शरणम्मा म्हणली, "पुढं काय लिवलंय?" म्या म्हणलं, "पुढं सही हाय."

अगदी तुझ्या अनारशासारखी हसली. असं लिवलंय तिनं. माझ्या अनारशासारखी!

मला खरं सांगा, हिला कोणी अर्थ सांगितला का? सांगितला असंल अन् ती मला आडून कळवत असंल तर? ही पोरगी आडूनच लिवती, पहिल्यापास्नं. रेणुकानं काल फोन माझ्या डोळ्याला लावून पोरगी दाखवली. पर ती झोपलेली होती. झोपलेल्या लेकराचं काय कळतं? रेणुका म्हणती, मामी, चांगली हाय, कामून फिकीर करायलाव? तिच्यावर माझा भरवसा न्हाई. फोनवर ती बी लबाड बोलायला शिकली, म्याच शिकवलं.

म्हणून तुमाला विचारते. पोरगी कशी हसली? गाल वर गेले का? डोळे बारीक झाले का? दूध ठरतं ना पोटात? अंग गरम हाय ना?

रेवणप्पाला म्या सांगून ठेवलंय, तिकडचं पाकीट आलं की घरी येईपर्यंत वाट बघू नको, मला बोलवून घे. लांबडं लिवू नका, मला वाचायला वेळ लागतो. तोंडानं हसली, एवढंच लिवा.

शिवम्मा